काळजाचा ताळेबंद

मराठी भाषेने यकृतावर थोडा अन्यायच केला आहे. आपले काळीज धडधडते, काळजाचे पाणी होते, एखादे गाणे थेट काळजाला भिडते, आणि या साऱ्या वेळी आपल्या मनात असते ते हृदय. मात्र मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागितले, तर खाटीक निमूटपणे यकृत कापून देतो. शब्दाचा जुना अर्थ त्याने जपला आहे. दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली शांतपणे काम करीत राहतो, धडधडत नाही, दुखत नाही, तक्रार करीत नाही. त्यामुळे त्याची चौकशीही कोणी करीत नाही. मीही पंचावन्न वर्षे केली नव्हती.

रायपूरच्या शंकर नगरात राहायला येऊन मला आता नऊ वर्षे झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि शंकर नगरासारख्या शांत वसाहतींचे रूप पालटले. मंत्र्यांचे बंगले आले, रुंद रस्ते आले, मिठाईची दुकाने आली. आम्ही मराठी मंडळी इथे काही नवखी नाही. बुढापारा, तात्यापारा या जुन्या वस्त्यांतील मराठी घरे आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ यांच्याशी आमचे येणे-जाणे असतेच. परंतु जेवणाच्या बाबतीत आम्ही पूर्णपणे ‘धान का कटोरा’ या प्रदेशाचे होऊन गेलो आहोत. सकाळी पोहे आणि सोबत गरम जिलेबी, दुपारी डब्यात भात, रात्री पुन्हा भात, आणि सणासुदीला ठेठरी-खुरमी. बँकेतील नोकरी बैठी. नऊ वर्षांत माझे वजन ७१ किलोवरून ८२ किलोवर गेले आणि ते गेल्याचे मला केवळ शिंप्याकडून कळले.

त्या वर्षीच्या आरोग्य तपासणीत पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल आला: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’. अहवाल घेऊन मी शाखेत आलो, तेव्हा चहाच्या वेळी असे निष्पन्न झाले की आमच्या अकरा जणांच्या शाखेत पाच जणांकडे असेच कागद आहेत. कोणाचा ग्रेड १, कोणाचा ग्रेड २. आम्ही त्यावर हसलो. एका सहकाऱ्याने तर ‘पदोन्नती झाली, साहेब’ असे अभिनंदनही केले. ज्या दवाखान्यात मी तो अहवाल दाखवला, तेथेही ‘तेल-तूप कमी करा, सगळ्यांनाच असते’ एवढेच उत्तर मिळाले. सगळ्यांनाच असते हे अगदी चुकीचेही नाही. भारतातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांमधील हे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले. त्याआधी मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रेल्वे वसाहतींतील कुटुंबांची तपासणी केली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वीस वर्षांवरील सुमारे पाचांत एका व्यक्तीच्या यकृतात चरबी सापडली. म्हणजे आपल्यासारखीच नोकरदार, वसाहतीत राहणारी माणसे.

परंतु ‘सगळ्यांनाच असते’ या उत्तरात एक प्रश्न बुडून जातो, आणि तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा यासाठीच हा लेखनप्रपंच.

चरबी वेगळी, वण वेगळा

सोनोग्राफीतील ग्रेड १, २, ३ हे यकृतात चरबी किती आहे याचे ढोबळ मोजमाप आहे. यकृत पडद्यावर किती पांढुरके, किती चमकदार दिसते यावरून ते ठरते. परंतु रुग्णाचे पुढे काय होणार हे चरबीच्या प्रमाणावरून ठरत नाही. ते ठरते यकृतात वण किती पडला आहे यावरून. या वण पडण्याला वैद्यकात फायब्रोसिस म्हणतात. जखम भरल्यावर कातडीवर जसा कडक, निबर पट्टा राहतो, तशाच तंतूंचे जाळे यकृतात विणले जाते. शून्य ते चार अशा त्याच्या पायऱ्या मानल्या जातात. शून्य म्हणजे वण नाही, चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. ग्रेड ३ची भरपूर चरबी असूनही वण शून्य असू शकतो आणि ग्रेड १ असूनही वण तिसऱ्या पायरीवर पोहोचलेला असू शकतो. आम्ही चहाच्या टेबलावर ज्या आकड्यांची तुलना करून हसत होतो, तो आकडाच चुकीचा होता.

वण पडतो कसा, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. यकृतात तारकेच्या आकाराच्या काही पेशी असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ साली त्यांचे वर्णन केले. एरवी या पेशी अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसलेल्या असतात. परंतु चरबीच्या ओझ्याने यकृतपेशींना दीर्घकाळ सूज येत राहिली, की या तारकापेशींचा स्वभाव बदलतो आणि त्या कोलॅजनचे तंतू तयार करू लागतात. हे काम फार संथ चालते. उपलब्ध अभ्यासांच्या सरासरीनुसार केवळ चरबी असलेल्या यकृतात वणाची एक पायरी चढायला सुमारे १४ वर्षे लागतात, चरबीसोबत सूज असेल तर सुमारे ७. चक्रवाढ व्याजाचे गणित रोज करणाऱ्यांना मंद गतीचा हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. काही थोड्या जणांत मात्र ही गती याहून कितीतरी जलद असते, आणि ते थोडे जण कोण, हे वरून पाहून ओळखता येत नाही.

या आजाराला स्वतःचे नाव मिळूनही फार काळ झालेला नाही. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जर्गन लुडविग आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांच्या यकृताचे नमुने पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली ते मद्यप्यांच्या यकृतासारखे दिसत होते, पण या रुग्णांना मद्याचे व्यसन नव्हते. त्यांतील बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. तेव्हापासून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे बिरूद या आजाराच्या नावाला चिकटले ते जून २०२३ पर्यंत. त्या महिन्यात जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलले आणि चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असा आजार म्हणून त्याला नवी ओळख दिली. जुन्या नावात ‘दारू’ही होती आणि ‘फॅटी’ही, आणि दोन्ही शब्द रुग्णाला बोचत असत. आपल्याकडे तर यकृत बिघडले म्हणताच शेजारी एकमेकांकडे पाहतात. आमच्या सौभाग्यवतींनी माझा अहवाल पहिल्यांदा नातेवाइकांपासून लपवला, त्याचे कारण हेच होते.

चार आकड्यांचे गणित

वण मोजण्याचा जुना मार्ग म्हणजे यकृतात सुई घालून तुकडा काढणे, अर्थात बायोप्सी. ती आजही काही वेळा लागते. परंतु त्या सुईत यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग येतो, काही थोडा धोका असतो, आणि देशातील कोट्यवधी स्थूल लोकांची बायोप्सी करणे कोणालाच शक्य नाही. म्हणून आधी चाळण लावावी लागते. ज्यांना वण असण्याची शक्यता अत्यल्प आहे त्यांना बाजूला काढायचे आणि उरलेल्यांकडे बारकाईने पाहायचे. या चाळणीचे नाव फिब-४. २००६ साली स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी ती मांडली, तीही मूळ वेगळ्याच रुग्णांसाठी, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी हे दोन्ही संसर्ग असलेल्यांसाठी. पुढे फॅटी लिव्हरच्या रुग्णांतही ती उपयोगी ठरली आणि आज जगातील बहुतेक मार्गदर्शक सूचनांत तिला पहिल्या पायरीचे स्थान आहे.

तिला लागणारे चारही आकडे बहुतेकांच्या घरच्या फायलीत आधीच पडून असतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटची संख्या. प्रयोगशाळेच्या कागदावर एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी असेही लिहिलेले असते. वयाला एसजीओटीने गुणावे. एसजीपीटीचे वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या हजारांतील आकड्याने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. माझ्याच आकड्यांचे उदाहरण देतो. वय ५६, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट १,८५,०००. छप्पन गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे २६८८. बासष्टचे वर्गमूळ ७.८७, त्याला १८५ने गुणल्यावर १४५६. भागाकार १.८५.

हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल तर गंभीर वण असण्याची शक्यता बरीच कमी. २.६७ पेक्षा जास्त असेल तर यकृततज्ज्ञांकडे जायला हवे. मधला प्रदेश संशयाचा. आपल्या कर्जविभागातील सहकाऱ्यांना हा मधला प्रदेश चांगलाच परिचित आहे. हप्ता थकला आहे, पण नव्वद दिवस अजून व्हायचे आहेत, अशा कर्जखात्याला आपण ‘विशेष उल्लेख खाते’ म्हणतो. ते बुडीत नसते आणि निर्धास्तही नसते. माझे यकृत त्या सदरात होते.

सूत्रात या चारच गोष्टी का, याचे उत्तर मला फार आवडले. वय अशासाठी की वण पडायला काळ लागतो. एसजीपीटी मुख्यतः यकृतपेशींतून रक्तात येते. वण वाढत गेला की एसजीओटी तिच्या तुलनेत वर सरकू लागते, म्हणून एक अंशस्थानी आणि दुसरी वर्गमूळ होऊन छेदस्थानी. आणि प्लेटलेट? निबर झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही. त्याचा दाब मागे प्लीहेवर येतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून बसतात. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा संदेश देणारे संप्रेरक यकृतच बनवते. म्हणजे पेशींच्या गणनेतील एक साधा आकडा यकृताची बातमी देऊन जातो. आपण मात्र तो फक्त तापात पाहतो.

इथेच एक इशारा दिला पाहिजे. एसजीओटी, एसजीपीटी ‘नॉर्मल’ आहेत म्हणून यकृत निर्धोक, असे समजू नये. स्थूल आणि मधुमेही रुग्णांत ही दोन्ही विकरे प्रयोगशाळेच्या मर्यादेत असतानाही वण पुढे गेलेला आढळतो. म्हणूनच अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांची संघटना मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या प्रौढांत विकरे सामान्य असली तरी फिब-४ काढावे असे सुचवते.

तापातला आकडा

हे गणित मी प्रथम केले तेव्हा मात्र उत्तर १.८५ आले नव्हते, ३.३७ आले होते. रविवारची रात्र होती. फायलीत सर्वांत वरचा कागद घेतला, कॅल्क्युलेटर घेतला, आणि उत्तर पाहून तो बाजूला ठेवला. पुन्हा केले. तेच. त्या रात्री झोप लागली नाही. थकीत कर्जाच्या फायली मी आयुष्यभर शांतपणे वाचल्या, परंतु स्वतःच्या शरीराचा एक भागाकार वाचताना हात थरथरत होता.

सोमवारी शहरातील एका यकृततज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “हा रिपोर्ट कधीचा?” मी सांगितले, सप्टेंबरातला, मला डेंग्यू झाला होता तेव्हाचा. “मग साहेब, हा तुमच्या लिव्हरचा आकडा नाही, डेंग्यूचा आहे,” ते म्हणाले. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी चढते. सूत्रात एक आकडा वर, एक खाली, त्यामुळे उत्तर उगाच फुगते. त्यांनी मला पूर्ण बरे वाटल्यावर पुन्हा रक्त द्यायला सांगितले आणि त्यातून १.८५ हा खरा आकडा मिळाला.

छत्तीसगडसारख्या प्रदेशात हे लक्षात ठेवणे विशेष आवश्यक आहे. मलेरियातही प्लेटलेट कमी होतात. इथे सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांत आहे, आणि त्यात तांबड्या पेशी फुटत राहिल्याने यकृताचा दोष नसतानाही एसजीओटी वाढलेली दिसते. जोरदार व्यायामानंतर स्नायूंतूनही ती येते. वयाचीही अट आहे. पस्तिशीच्या आतील व्यक्तींत हे सूत्र विश्वासार्ह नाही, आणि पासष्टीनंतर केवळ वयामुळे आकडा फुगत असल्याने खालची मर्यादा १.३ऐवजी २ धरतात. उलट, आकडा कमी आला म्हणून पूर्ण निश्चिंतही होता येत नाही. मधुमेह आणि स्थूलता दोन्ही असतील तर चाळणीतून काही जण निसटतात, म्हणून एक-दोन वर्षांनी ती पुन्हा लावायची असते.

त्या डॉक्टरांनीच मला जुन्या फायली आणायला सांगितल्या. बँकेत राहून कागद जपण्याची जी सवय लागते तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. दहा वर्षांपूर्वी, मी नागपूरला असताना केलेल्या तपासणीचा कागद मिळाला. वय ४६, एसजीओटी ३४, एसजीपीटी ५२, प्लेटलेट २,६०,०००. उत्तर ०.८३. त्या कागदावर एसजीपीटीसमोर तारांकन होते आणि मी त्याकडे पाहिलेही नव्हते. ०.८३ पासून १.८५ पर्यंतच्या या प्रवासात माझी एकही दिवस रजा झालेली नाही, पोट एकदाही दुखलेले नाही.

बरगडीवरची टिचकी

मधल्या प्रदेशात अडकलेल्यांसाठी दुसरी पायरी म्हणजे यकृताची ताठरता मोजणारी तपासणी. फ्रान्समध्ये विकसित झालेले हे यंत्र २००३ सालापासून वैद्यकीय साहित्यात आले, आणि फायब्रोस्कॅन या नावाने आपल्याकडील मोठ्या शहरांतही पोहोचले आहे. किमान तीन तास उपाशी राहायचे, पाठीवर झोपायचे, उजवा हात डोक्यामागे. मग बरगड्यांच्या मधल्या खोबणीवर एक दांडा टेकवला जातो आणि तो हलकीशी टिचकी मारतो. त्या टिचकीची लहर यकृतातून जाते आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने तिचा वेग मोजला जातो. मऊ यकृतात लहर सावकाश जाते, निबर यकृतात वेगाने. सुतार लाकडावर ठोकून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. किमान दहा योग्य नोंदी घेऊन त्यांतील मधली संख्या किलोपास्कलमध्ये दिली जाते. दुखत काही नाही. ‘टक्, टक्’ असा आवाज मोजत मी छताकडे पाहत राहिलो.

स्थूल व्यक्तींनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर नेहमीच्या दांड्याची लहर यकृतापर्यंत नीट पोहोचत नाही आणि आकडा चुकतो. त्यासाठी ‘एक्सएल’ हा मोठा दांडा असतो. तो वापरला का, आणि नोंदींमध्ये फार तफावत तर नव्हती ना, हे दोन प्रश्न विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

आठ किलोपास्कलच्या खाली असेल तर गंभीर वणाची शक्यता कमी. बाराच्या वर असेल तर ती बरीच जास्त. माझा आकडा ९.६ आला. डॉक्टर म्हणाले, दुसरी पायरी असावी, तिसरीच्या उंबरठ्यावर. आणि पुढे जे म्हणाले ते मला अनपेक्षित होते. या अवस्थेतील वण मागे फिरू शकतो.

वजनाचे सात टक्के

त्याचा सर्वांत ठळक पुरावा क्यूबामधून आला. तेथील २९३ रुग्णांवरील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाने वर्षभरात दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या यकृताची सूज गेली आणि पंचेचाळीस टक्क्यांचा वणही कमी झाला. दहा टक्के गाठणारे थोडेच होते, हे खरे. परंतु पाच टक्क्यांपासून चरबी कमी होऊ लागते आणि सात टक्क्यांपासून सूज. माझ्या ८२ किलोचे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो.

‘जास्त वजन’ कशाला म्हणायचे, याचाही इथे खुलासा हवा. पाश्चात्त्य तक्त्यांत बॉडी मास इंडेक्स पंचविसाच्या वर गेला की वजन जास्त आणि तिसाच्या वर गेला की स्थूलता. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी हे आकडे तेवीस आणि पंचवीस असे खाली आणले. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. माझा निर्देशांक २९ होता. परदेशी तक्त्यात मी जेमतेम वजनदार, आपल्या तक्त्यात सरळ स्थूल. हे खाली आणणे उगाच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त, असा आपला भारतीय देह आहे. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण पाहणीत, जी २०१० साली प्रसिद्ध झाली, फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा निर्देशांक पंचविसाच्याही आत होता. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक प्रामाणिक.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘आशा’ कार्यकर्तीच्या घरभेटीच्या यादीत कमरेचा घेर मोजणे असतेच. छत्तीसगडमध्ये ती ‘मितानिन’ म्हणून ओळखली जाते, आणि मितानिनची योजना इथे ‘आशा’च्याही आधी, २००२ साली सुरू झाली आहे. शंकर नगरातल्या बंगल्यांत मात्र मितानिनला दार उघडणारे थोडे. वस्तीतल्या बाईची कंबर मोजली जाते आणि बंगल्यातल्या साहेबांची राहते.

मी काय केले ते सांगतो, उपदेश म्हणून नव्हे. भात बंद केला नाही. नगरी दुबराजचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो भात सोडू शकत नाही. परंतु ताटात तीन डाव पडत होते ते एकावर आणले आणि रात्री भाकरी सुरू केली. जिलेबी आणि शीतपेये मात्र खरोखरच थांबवली, कारण साखरेतील फ्रुक्टोजपासून यकृत थेट चरबी बनवते. तेल-तुपाचा सल्ला सगळे देतात, साखरेविषयी फारसे कोणी बोलत नाही. सकाळी बी.टी.आय. मैदानावर किंवा तेलीबांधा तलावाच्या काठाने पाऊण तास चालणे. बिनसाखरेची कॉफी दोन कप. कॉफी पिणाऱ्यांत वण कमी आढळतो असे अनेक पाहण्यांत दिसले आहे, आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. शाखेच्या समारंभात कधीतरी एखादा पेला होत असे, तोही बंद, कारण चरबी आणि मद्य एकत्र आले की वण दोघांच्या बेरजेपेक्षा वेगाने वाढतो.

औषधांविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. भारतात सॅरोग्लिटाझार या औषधाला २०२० साली या आजारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वजन उतरवणाऱ्या सेमाग्लूटाइडला वणाच्या मधल्या पायऱ्यांसाठी मान्यता मिळाली. म्हणजे वण आहे की नाही हे ठरवणे आता केवळ भविष्य जाणून घेण्यासाठी नाही, उपचार कोणाला द्यायचा हेही त्यावरच ठरते. बाटलीतल्या ‘लिव्हर टॉनिक’ने वण विरतो याचा भरवशाचा पुरावा नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली. फॅटी लिव्हरचे रुग्ण यकृतापेक्षा हृदयविकाराने अधिक दगावतात. तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांचा हिशेबही त्याच वहीत ठेवायचा.

वर्षभरानंतर माझे वजन ७६ किलो झाले, म्हणजे सात टक्क्यांहून थोडे अधिक उतरले. फायब्रोस्कॅन ८.३. फिब-४ १.५५. मी थोडा खट्टू झालो, कारण १.३ची रेषा अजून दूर होती. डॉक्टरांनी मलाच गणित करून पाहायला सांगितले. हेच रक्ताचे आकडे सेहेचाळिसाव्या वर्षी असते, तर उत्तर १.२५ आले असते. वय अंशस्थानी असल्याने रक्तात काहीही न बदलता दर वाढदिवसाला आकडा थोडा चढतो, त्यावर कोणाचा इलाज नाही. पुढील तपासणी येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे डासांचा हंगाम सुरू होण्याआधी ठरवली आहे.

हे सारे चालू असताना घरातील एका व्यक्तीची फाईलच नाही, हे ध्यानात आले. सौभाग्यवतींचे वय ५३, कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर, आईला मधुमेह. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये वणाचा धोका वाढतो हे मी वाचले होते, तरी माझ्या आजाराच्या वर्षभरात तिचे रक्त तपासावे असे मला सुचले नव्हते. तिने ते स्वतःच दिले आणि कागद माझ्यापुढे ठेवला, “अहो, माझेही मांडा.” एसजीओटी २६, एसजीपीटी ३०, प्लेटलेट २,७५,०००. उत्तर ०.९१. तिने ते स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर तारखेसह लिहून ठेवले आहे आणि त्याखाली नागपूरच्या तिच्या भावाला फोन करण्याची आठवण. त्याला बारा वर्षांचा मधुमेह आहे, अंगाने तो सडपातळ आहे आणि आपल्याला असले काही होत नाही असे त्याचे ठाम मत आहे. फोन झाला. “भाऊजी, चारच आकडे ना? रविवारी फाईल काढतो,” असे तो मला म्हणाला. तो रविवार अजून आलेला नाही.